उजेड पाहणारी बंदूक

१९७३ साली जपानमधल्या क्योटो शहरात एका बोलिंग सेंटरमध्ये नवाच खेळ सुरू झाला. बोलिंगचं वेड तोवर ओसरत आलं होतं आणि देशभर बांधून ठेवलेल्या लांबलचक पट्ट्या ओस पडायला लागल्या होत्या. त्या पट्ट्यांच्या टोकाला आता मोठा पडदा उभा राहिला. पडद्यावर मोकळं रान आणि त्यावरून भिरभिरत जाणाऱ्या मातीच्या तबकड्या, म्हणजे अर्थातच तबकड्यांची प्रकाशचित्रं. खेळणाऱ्याने रायफल खांद्याला लावायची, तबकडी टिपायची, लागली की गुण मिळायचे. गोळी नाही, छर्रा नाही, धूर नाही. रायफलीतून निघायचा तो फक्त उजेड. खेळाचं नाव होतं ‘लेझर क्ले’ आणि कंपनी होती निन्टेंडो.

उद्घाटनाला पाहुणे आणि पत्रकार जमले आणि नेमकी तेव्हाच यंत्रणा बिघडली. गेन्यो ताकेदा हे कंपनीत नुकतेच आलेले तरुण अभियंते. ते गुपचूप यंत्राच्या मागे जाऊन बसले. बाहेर कोण कसा नेम धरतंय ते पाहायचं आणि आतून स्वतःच्या हाताने ‘लागला’, ‘चुकला’ ठरवून गुण द्यायचे, असं त्यांनी चालवलं. पाहुण्यांना काही कळलं नाही. खेळ आवडला, पुढे मागण्याही आल्या.

‘डक हंट’ या व्हिडिओ गेमची गोष्ट बहुतेक जण १९८४ किंवा १९८५ पासून सांगतात. माझ्या मते ती गोष्ट त्याआधीच निम्मी होऊन गेली होती. गवतातून फडफडत उडणारी बदकं, हातातली बंदूक, हसणारा कुत्रा, हे सगळं टीव्हीच्या काचेवर यायच्या आधी क्योटोतली काही माणसं चौदा वर्षं एकाच कल्पनेच्या मागे लागली होती. उजेडाने नेम धरता येतो का, आणि तो नेम घरात, स्वस्तात, कुणालाही इजा न करता धरता येतो का, एवढाच प्रश्न होता. या प्रश्नापायी कंपनी एकदा बुडता बुडता वाचली. तरी त्यांनी तो सोडला नाही आणि मला या इतिहासात सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

निन्टेंडो १८८९ साली सुरू झाली ती हानाफुदा नावाचे फुलाफुलांचे पत्ते बनवण्यासाठी. हिरोशी यामाउची यांनी १९४९ मध्ये घराण्याचा हा धंदा हाती घेतला आणि पुढे पत्त्यांच्या पलीकडे काय विकता येईल याचा शोध सुरू केला. १९६५ मध्ये गुन्पेई योकोई नावाचा इलेक्ट्रिकलचा पदवीधर कंपनीत लागला. त्याचं काम काय, तर पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल. कामातून उरलेल्या वेळात त्याने जाळीसारखा उघडमीट होणारा एक लांब हात बनवला, लांबची वस्तू चिमट्यात पकडणारा. यामाउचींनी तो पाहिला आणि विकायला काढायला सांगितलं. १९६६ सालचं हे ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून जास्त खपलं आणि योकोई देखभाल विभागातून उठून खेळणी घडवणारे झाले.

या माणसांतले दुसरे होते मासायुकी उएमुरा. ते मूळचे शार्प कंपनीचे. सूर्यप्रकाशावर चालणारे विद्युतघट, म्हणजे सोलर सेल, विकत फिरत असताना त्यांची योकोईंशी गाठ पडली. सोलर सेलवर उजेड पडला की वीज तयार होते हे सर्वांनाच ठाऊक होतं. योकोईंना त्यात चांदमारी दिसली. निशाण म्हणून सोलर सेल लावायचा, बंदुकीत दिवा ठेवायचा. घोडा ओढला की दिवा क्षणभर लखलखतो, नेम बरोबर असेल तर तो लखलखाट सेलवर पडतो, सेल थोडीशी वीज देतो आणि तेवढ्यावर निशाणातली यंत्रणा सुटते. १९७० मध्ये ‘कोसेनजू एसपी’ या नावाने ही प्रकाशबंदूक बाजारात आली. नेम लागला की बाटली फुटल्यासारखी उडून पडायची. एका निशाणात सिंह होता, तो गर्जना करायचा. खेळणं जोरात चाललं. उएमुराही शार्प सोडून निन्टेंडोत आले.

योकोईंची कामाची पद्धत इथेच ठरून गेली. नव्याकोऱ्या, महागड्या तंत्राच्या मागे ते धावत नसत. जे तंत्र जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्यात काय बिघडतं हे सर्वांना माहीत आहे, ते उचलायचं आणि कुणाच्या मनातही आलं नसेल अशा जागी बसवायचं. पुढचा ‘गेम अँड वॉच’, त्याहून पुढचा ‘गेम बॉय’, हे हातात धरून खेळायचे खेळ याच विचारातून आले.

‘लेझर क्ले’ म्हणजे तीच प्रकाशबंदूक मोठ्या मापात. मात्र १९७३ च्या ऑक्टोबरात मध्यपूर्वेत युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणणाऱ्या जपानमध्ये हाहाकार उडाला. करमणुकीवरचा खर्च सर्वांत आधी थांबला. बोलिंग सेंटरच्या मालकांनी मागण्या रद्द केल्या. माल तयार करून ठेवलेला, गुंतवणूक झालेली, आणि घेणारा कुणी नाही. निन्टेंडो कर्जात बुडाली.

अशा वेळी कुठल्याही हिशेबी मालकाने ती बंदूक गोदामात टाकून दिली असती. इथे तसं झालं नाही. योकोईंच्या मंडळींनी तेच तंत्र लहान केलं. पूर्ण बोलिंग सेंटर नको, दुकानाच्या कोपऱ्यात मावेल असं यंत्र करू. १९७४ चा ‘वाइल्ड गनमन’ तसाच होता. १६ मिलिमीटर फिल्मवर खरा माणूस काउबॉयच्या वेशात समोर येतो, त्याचे डोळे चमकले की तुम्ही बंदूक उपसायची. तुम्ही जिंकलात तर फिल्म बदलते आणि तो कोसळतो.

मग १९७६ मध्ये आलं ते घरात खेळायचं खेळणं, आणि त्याचं नाव ‘डक हंट’. एक लहानसा प्रोजेक्टर भिंतीवर उडत्या बदकाचं चित्र टाकायचा. बदक भिंतभर फिरायचं. बंदुकीचा प्रकाश बदकावर पडला की भिंतीवरून परतून प्रोजेक्टरमध्ये यायचा, तिथला सेल तो ओळखायचा आणि बदकाचं चित्र खाली कोसळायचं. टीव्हीची गरज नाही. खोलीत अंधार केला की भिंत हेच रान. आठ वर्षांनी टीव्हीवर आलेल्या खेळाचं नावच नव्हे, त्याचा सगळा आराखडा इथे तयार आहे.

बदकं मात्र निन्टेंडोची एकटीची नव्हेत. अमेरिकेत शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९३६ मध्येच ‘रे-ओ-लाइट’ नावाचं यंत्र काढलं होतं. त्यात प्रकाशाच्या रायफलीने बदकं टिपायची असत आणि बदकात प्रकाश ओळखणारी नळी बसवलेली असे. जपानच्याच सेगा कंपनीचं ‘डक हंट’ नावाचं आर्केड यंत्र १९६९ मध्ये निघालं होतं. जत्रेतल्या चांदमारीला बदक हे निशाण कायमच सोयीचं, कारण ते पडताना छान पडतं.

या सगळ्या खेळांत उजेड बंदुकीतून निघून निशाणाकडे जातो. टीव्हीसाठी ही चाल उपयोगाची नव्हती. टीव्हीची काच उजेड फेकते, झेलत नाही. तिच्यावर कितीही प्रकाश मारला तरी तिला ते कळणार नाही. म्हणून सगळं उलटं करावं लागलं. बंदुकीतून काहीच निघायचं नाही, बंदुकीनेच बघायचं.

ही उलटी बंदूक खेळाच्या आधी युद्धाच्या तयारीत जन्माला आली होती. अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका निवडण्यासाठी अशी साधनं बनली. पुढे १९५८ पासून ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत सैनिक रडारच्या गोल पडद्यासमोर बसून पिस्तुलासारखं यंत्र ठिपक्यावर टेकवत आणि घोडा दाबत. ते यंत्र ठिपक्याचा उजेड टिपायचं आणि संगणकाला कळायचं, याला या विमानाबद्दल विचारायचंय. शीतयुद्धाच्या अंधाऱ्या खोल्यांतली ही युक्ती दोन-अडीच दशकांनी मुलांच्या हातात आली. मधला दुवा होता मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’, १९७२ चा पहिला घरगुती व्हिडिओ गेम. त्याला रायफल जोडता येत असे आणि ती रायफल बनवण्याचं काम क्योटोच्या याच निन्टेंडोकडे होतं. तिची एक उणीव होती. टीव्हीऐवजी खोलीतल्या दिव्यावर नेम धरला तरी ती नेम लागला असंच समजायची.

१५ जुलै १९८३ ला निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ हा घरगुती व्हिडिओ गेम जपानमध्ये विकायला आला, किंमत १४,८०० येन. तो घडवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते उएमुरा. पुढच्याच वर्षी त्याला बंदूक मिळाली, हुबेहूब रिव्हॉल्व्हरच्या आकाराची. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘वाइल्ड गनमन’ टीव्हीवर आला आणि २१ एप्रिलला ‘डक हंट’. दोन्ही जुनी नावं, योकोईंच्याच विभागातून नव्याने घडलेली. संगीत हिरोकाझू तानाका यांचं. अख्खा खेळ २४ किलोबाइटमध्ये बसवलेला. आज मोबाइलवर रोज सकाळी येणारा ‘शुभ प्रभात’चा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

एवढ्याशा जागेत त्यांनी काय काय बसवलं पाहा. सुरुवातीला कुत्रा जमीन हुंगत येतो, थांबतो, कान टवकारतो आणि उडी मारून गवताआड जातो. मग बदक उडतं. ‘ए’ प्रकारात एक, ‘बी’ प्रकारात दोन, ‘सी’ प्रकारात बदकांऐवजी तबकड्या, म्हणजे बोलिंग सेंटरमधला जुना ‘लेझर क्ले’च. तीन गोळ्या असतात. फेरीत दहा बदकं, त्यातली सुरुवातीला निदान सहा टिपली तरच पुढची फेरी. हळूहळू बदकं वेगाने उडतात आणि माफी कमी होत जाते. बदक लागलं की क्षणभर हवेतच थिजतं, मग गिरक्या घेत खाली येतं आणि कुत्रा ते उचलून दाखवतो. चुकलात तर तोच कुत्रा गवतातून डोकं काढून, तोंडावर पंजा धरून हसतो. त्या हसण्याने एका पिढीला जितका राग आणला तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या चित्राने आणला असेल. लाखो मुलांनी त्याच्यावर बंदूक झाडली, त्याला काही होत नसे. आर्केडमधल्या आवृत्तीत एका ठिकाणी त्याला खरोखर गोळी लागते. ‘ए’ प्रकारातली एक गंमत अनेकांना ठाऊक नसते: दुसऱ्या खेळाडूने हातात कंट्रोलर घेतला तर बदक तो उडवू शकतो.

घोडा ओढल्यावर नक्की काय होतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. जपानी आणि अमेरिकन टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं उमटत. घोडा ओढताच पुढच्या चित्रात सगळा पडदा काळा. रान नाही, आभाळ नाही, काही नाही. या काळ्या क्षणी यंत्र बंदुकीला विचारतं, उजेड दिसतोय का? दिसत असेल तर नेम टीव्हीवर नाहीच, दुसऱ्याच कशावर तरी आहे, गोळी वाया. नसेल, तर त्यापुढच्या चित्रात बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन उमटतो. पुन्हा प्रश्न, आता दिसतोय का? दिसला तर बदक पडलं. बदकं दोन असतील तर चौकोन एकामागून एक दाखवायचे आणि कोणत्या चित्राच्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक ते ठरवायचं. पापणी लवेपर्यंत हे सगळं उरकतं आणि खेळ पुन्हा रंगीत होतो. नीट लक्ष दिलं तर डोळ्याला एक झपकारा तेवढा जाणवतो.

बंदुकीच्या नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा लहानसा डायोड. सोबतचं सर्किट असं जुळवलेलं की काचेच्या नळीचा टीव्ही ज्या वेगाने आडव्या रेषा ओढतो त्याच थरथरीला ते दाद देतं, घरातल्या दिव्याच्या स्थिर उजेडाला नाही. ओडिसीच्या रायफलीची उणीव अशी दोन बाजूंनी बुजवली गेली. मला या रचनेचं आजही कौतुक वाटतं, कारण यात महाग असं काहीही नाही.

फॅमिकॉम अमेरिकेत न्यायचा म्हटल्यावर वेगळंच संकट समोर आलं. तिथला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा १९८३ मध्ये कोसळला होता. वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास आली. तिथल्या अटारी कंपनीने न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की दार लावून घेत. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख मिनोरू आराकावा यांच्यापुढे प्रश्न होता तो हे यंत्र दुकानात शिरवायचं कसं हा.

उत्तर सापडलं खेळण्यात. यंत्राला ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ म्हणायचं, व्हीसीआरसारखं राखाडी खोकं करायचं, आणि सोबत एक यंत्रमानव आणि एक बंदूक द्यायची. लान्स बार यांनी खोक्याचं रूप घडवलं. रिव्हॉल्व्हर जाऊन तिथे अंतराळातल्या सिनेमात शोभेल अशी बंदूक आली, नाव ‘झॅपर’. १८ ऑक्टोबर १९८५ ला न्यू यॉर्कमध्ये विक्री सुरू झाली. मोठ्या संचात ‘रॉब’ हा यंत्रमानव, झॅपर, त्या यंत्रमानवासाठीचा ‘जायरोमाइट’ आणि ‘डक हंट’. न विकलेला माल परत घेऊ, पैसे तीन महिन्यांनी द्या, असं दुकानदारांना कबूल करावं लागलं.

यंत्रमानव दिसायला भारी होता, पण हळू. थोड्याच दिवसांत मुलं त्याला विसरली. बंदूक मात्र राहिली, कारण तिला शिकवावं लागत नव्हतं. आजोबांच्या हातात दिली तरी त्यांना कळे की काय करायचं. चौकोनी कंट्रोलर धरून मारियोला उड्या मारायला लावणं शिकून घ्यावं लागतं, बदकावर नेम धरणं नाही. ज्या घरात या यंत्राबद्दल शंका होती तिथे ‘डक हंट’ने ती दूर केली असं मी म्हणेन. यंत्रमानवाला दार उघडून देण्याचं श्रेय मिळतं. घरात टिकून राहण्याचं श्रेय मी बदकांना देतो.

१९८८ मध्ये आलेल्या ‘ॲक्शन सेट’मध्ये एकाच काडतुसात, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत, ‘सुपर मारियो ब्रदर्स’ आणि ‘डक हंट’ होते, सोबत झॅपर. ‘डक हंट’च्या सुमारे २ कोटी ८० लाख प्रती घरोघरी गेल्या त्याचं मोठं कारण हेच, यंत्राबरोबर ती बदकं आपसूक येत. आकडा म्हणून तो लोकप्रियतेचा निखळ पुरावा नाही. पण इतक्या घरांत बंदूक हाती आली आणि ती वापरली गेली, हे खरंच. त्याच वर्षी अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकांवर ठळक नारंगी खूण सक्तीची करणारा कायदा झाला आणि त्याच सुमारास झॅपरचा राखाडी रंग जाऊन नारंगी आला.

आपल्याकडे हा खेळ आला तो मागच्या दाराने. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. खोक्यात दोन रिमोट, एक काळं पिस्तूल आणि शेकडो खेळ असल्याचा दावा करणारी पिवळी कॅसेट. हो, आम्ही तिला कॅसेटच म्हणायचो. मे महिन्याच्या सुट्टीत ज्याच्या घरी हे यंत्र असेल त्याच्याकडे अख्खी गल्ली जमायची. क्योटोतल्या कुणाचंही नाव आम्हाला माहीत नव्हतं, निन्टेंडोचंसुद्धा नाही. लांबून नेम धरण्याचा मान मोठ्यांचा. लहान मुलं पिस्तुलाची नळी काचेला टेकवून बदकं पाडायची आणि मग त्यावरून भांडणं. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० चित्रं, तिकडे ६०. पण आडव्या रेषा ओढण्याचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखा, तिकडे सेकंदाला १५,७३४, इथे १५,६२५. त्यामुळे त्या टीव्हीची थरथर ओळखणारं पिस्तूल इथल्या ओनिडा आणि व्हिडिओकॉनसमोरही निमूट काम करत राहिलं.

सपाट टीव्ही आले आणि ही बंदूक आंधळी झाली. नवा पडदा रेषा ओढत नाही, त्याचा उजेड थरथरत नाही आणि चित्र उमटायला तो थोडा वेळही घेतो. यंत्र विचारतं तेव्हा पांढरा चौकोन अजून आलेलाच नसतो. जुनी कॅसेट, जुनं यंत्र, चांगल्या स्थितीतली बंदूक, सगळं असूनही बदक पडत नाही. योकोई हे पाहायला नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ ला ते रस्त्यावरच्या अपघातात गेले.

२०१४ मध्ये निन्टेंडोने ‘वी यू’ यंत्रावर खेळ पुन्हा काढला. टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीतून न दिसणारा इन्फ्रारेड उजेड येतो, हातातल्या रिमोटच्या टोकाचा कॅमेरा तो पाहतो आणि नेम कुठे आहे ते ओळखतो. त्याच वर्षी कुत्रा आणि बदक जोडीने ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या निन्टेंडोच्याच लढाईच्या खेळात लढवय्ये म्हणून आले. उएमुरा तोवर कंपनीतून निवृत्त होऊन क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात जुन्या खेळांच्या अभ्यासाचं आणि जतनाचं केंद्र सांभाळत होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘डक हंट’ मूळ रूपात जपायचा तर काडतूस आणि बंदुकीबरोबर काचेच्या नळीचा चालू टीव्हीही लागतो, आणि तसे टीव्ही घरांसाठी आता कुणी बनवत नाही. म्हणून जगभरचे हौशी लोक अजून भंगारवाल्यांकडे आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर ते शोधत फिरतात.